शेजारचा ब्रेक

"दिवा दिसला होता का?"

"नाही."

"नुसतं नाही काय? 'नाही साहेब' म्हणा. आणि टेबलाकडे काय बघताय, माझ्याकडे बघा. मी कोर्ट आहे."

कोर्ट त्या वेळी मटार सोलत होतं. नाकावर चष्मा, पुढ्यात शेंगांचा ढीग, बाजूला दाण्यांचं पातेलं. मास्तरांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला थापा मारल्या नव्हत्या असं नाही, पण तिनंच शिकवलेली थाप तिलाच ऐकवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"दिसला नाही, साहेब. फांदी आडवी आली होती."

"कसली फांदी?"

"झाडाची."

"फांदी झाडाचीच असते हो. असं बोललात तर त्यांना वाटेल थट्टा करताय. वकीलबाईंनी काय सांगितलंय? सगळं नीट उलगडून सांगायचं. खांबाशेजारी झाड आहे, त्याची फांदी वाढलीय, ती दिव्यावर येते, लांबून येणाऱ्याला दिवा दिसत नाही. म्हणा."

मास्तरांनी म्हटलं. शाळेतल्या मुलानं कविता म्हणावी तसं, एका दमात.

"उद्या असं पाठ केल्यासारखं म्हणू नका म्हणजे झालं."

"पाठच केलंय."

"ते मला माहीत आहे. कोर्टाला कळायला नकोय." मास्तरीणबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "पुन्हा. दिवा दिसला होता का?"

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. गाडी शिकवणारे मास्तर. केस काळे होते तेव्हापासून ते लोकांना गाडी शिकवत आले होते, आणि आता केस पांढरे झाले तरी टपावर 'शिकाऊ' अशी पाटी लावलेली त्यांची छोटी गाडी सकाळपासून रस्त्यावर असायची. त्यांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. दूधवाला, डॉक्टर, पलीकडचा म्हातारा, सगळ्यांचे ते मास्तरच. ती हाक नसती तर ते कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आता तो दिवसरात्र पडत होता, कारण उद्या कोर्टात लायसन जाण्याची पाळी होती, आणि लायसन गेलं की मास्तरकी गेली.

शिकवण्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्यापुढे आणि एक शेजारच्या सीटपुढे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. दोन्ही खालून एकाच दांडीनं जोडलेले, त्यामुळे एक दाबला की दुसराही आपोआप खाली जातो. नवीन माणूस गाडीत बसलं की त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. समोर काही आलं की हात स्टेअरिंगला चिकटतात आणि पाय कुठल्या कुठे जातो. अशा वेळी मास्तर "ब्रेक" असं हळूच म्हणत, आपल्या बाजूचं पेडल दाबत, आणि त्याच क्षणी खिडकीतून बाहेर बघायला लागत, जसा काही आपला या सगळ्याशी संबंधच नाही. गाडी थांबली की म्हणत, "शाब्बास. जमलं की." शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल खाली गेलेलं असायचं, त्यामुळे त्याला खरंच वाटायचं की ब्रेक आपणच दाबला. मग त्याचा जीव भांड्यात पडे आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच दाबू लागे. ही मास्तरांची लबाडी म्हणा की कला म्हणा. गावातल्या निम्म्या लोकांचा पहिला ब्रेक मास्तरांनी दाबलेला होता आणि त्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त मास्तरीणबाईंना, कारण घरी आल्यावर जेवताना मास्तर हे सगळं रंगवून सांगत आणि दोघं हसत.

असा माणूस लाल दिवा तोडून पुढे गेला होता.

झालं ते असं. मास्तरीणबाई तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या आणि मास्तर औषध आणायला एकटेच गाडी घेऊन निघाले. मोठ्या चौकात दिवा लाल होता. समोरून इस्त्रीवाला सायकल घेऊन रस्ता ओलांडत होता, हँडलला दोन्हीकडून इस्त्रीचे शर्ट लटकवलेले. त्यानं गाडी येताना पाहिली आणि सायकल सोडून उडी मारली म्हणून वाचला. सायकल गाडीखाली आली. शर्ट रस्ताभर झाले, आणि एका पांढऱ्याशुभ्र शर्टावर गाडीच्या चाकाचा ठसा उमटला, गळ्यापासून खिशापर्यंत. इस्त्रीवाला रस्त्यात बसून त्या शर्टाकडेच बघत राहिला. कोपर सोलून निघालं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. "लोकांचा शर्ट आहे हो हा," एवढंच तो म्हणाला.

पोलीस धावत आला. तोही मास्तरांकडेच शिकलेला. "मास्तर, तुम्ही?" तो म्हणाला, आणि मग मान खाली घालून पावती फाडू लागला. शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना चाललं असतं. ते 'तुम्ही' मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. नुसता दिवा तोडला असता तर जागच्या जागी मिटलं असतं, पण माणूस पडला होता आणि गाडी चालवणारा लोकांना गाडी शिकवणारा होता, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं.

वकीलबाईही मास्तरांचीच विद्यार्थिनी. शिकत असताना ती तिसऱ्या गियरच्या पुढे जायलाच तयार नसायची, म्हणून मास्तर तिला 'तिसरा गियर' म्हणत, आणि ती काळा कोट घालून आली तरी त्यांच्या तोंडात तेच यायचं. बातमी कळल्यावर ती आपण होऊन घरी आली, चौकात जाऊन झाड बघून आली, फांदीचे फोटो काढून आली. "मास्तर, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, फांदीमुळे दिवा दिसला नाही. बाकी मी बघते. तुमच्यासारख्या माणसाचं लायसन कोण घेईल?"

फांदी खोटी नव्हती. ती चौकात होती आणि वारा सुटला की दिव्यावर येतही असेल. पण त्या दिवशी वारा नव्हता.

मास्तरांना दिवा दिसला होता. चांगला मोठा, गोल, लालभडक दिवा. लांबूनच दिसला होता. ते मोठ्यानं "ब्रेक" असं म्हणालेसुद्धा. आणि गाडी थांबली नाही. पहिल्यांदा त्यांना रागच आला, शेजारच्या शिकाऊ पोरावर यावा तसा. मग लक्षात आलं की शेजारी कुणी नाही आणि गाडी आपणच चालवतोय. तोपर्यंत सायकल खाली आली होती.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. उजव्या पायाचंही सांगितलं नव्हतं. त्या पायाला आधी मुंग्या यायच्या आणि मग मुंग्या यायच्याही थांबल्या. डॉक्टर म्हणाले होते, साखरेमुळे होतं, पायाला जपा. मास्तरांनी मान डोलावली होती आणि घरी येऊन बायकोला सांगितलं होतं, "सगळं ठीक आहे म्हणाले."

"लक्ष कुठं आहे तुमचं?" कोर्टानं विचारलं.

"कुठं नाही. शिकवणीची वेळ झाली. नर्सबाई येतील."

"आज नाही गेलात तर नाही का चालणार?"

"तिला परीक्षा द्यायचीय," मास्तर म्हणाले आणि उठले. उठताना त्यांनी खाली बघून दोन्ही पाय बुटांत नीट गेलेत ना ते पाहून घेतलं. अलीकडे बघितल्याशिवाय ते कळत नसे.

नर्सबाई कोपऱ्यावर उभ्याच होत्या. दवाखान्याची पाळी संपवून तशाच आलेल्या, डोळे लाल, पण उत्साह दांडगा. रोग्याच्या हातात सुई खुपसताना ज्यांचा हात कापत नाही, त्या बाईंचा स्टेअरिंगवर मात्र थरकाप व्हायचा. "मास्तर, तुम्ही शेजारी आहात म्हणून मी चालवते," त्या रोज म्हणत. आजही म्हणाल्या.

गोदामांच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एका फाटकातून एक ट्रक उलटा बाहेर आला, मागे न बघता.

"ब्रेक," मास्तर म्हणाले, आणि पाय दाबला.

निदान त्यांना वाटलं की दाबला. गाडी तशीच पुढे चालली होती. ट्रकचं मागचं लोखंड जवळ येत होतं, त्यावर चिकटलेला चिखलसुद्धा दिसायला लागला होता. मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट पेडलच्या बाजूला, चटईवर, जोर लावून बसला होता. आणि तेवढ्यात गाडी असा हिसका देऊन थांबली की दोघांची कपाळं पुढे गेली.

ट्रकवाला हात दाखवून निघून गेला. नर्सबाईंनी श्वास सोडला, मग हसायला लागल्या.

"वाचवलंत, मास्तर. तुम्ही नसतात तर आज काही खरं नव्हतं."

"मी नाही दाबला," मास्तर म्हणाले. "तुम्ही दाबलात."

"असू दे हो. मला काय माहीत नाही का? माझा पाय कुठला पडायला वेळेवर."

"तुम्हीच दाबलात, बाई."

"तुम्ही असं म्हणता म्हणून धीर येतो बघा," नर्सबाई म्हणाल्या आणि पुन्हा गाडी सुरू करू लागल्या. आयुष्यभर खोटी शाबासकी दिली ती सगळ्यांना खरी वाटली, आणि आज खरी द्यायला गेले तर कुणी घेईना. मास्तर वाटभर आपल्या बुटाकडे बघत बसले, आणि नर्सबाईंनी त्यांना सुखरूप घरी आणून सोडलं.

दुपारी वकीलबाईचा फोन आला. "मास्तर, उद्या ते विचारतील, दिवा किती लांबून दिसायला हवा होता, फांदी नेमकी कुठं येते. एकदा चौकात जाऊन बघून या म्हणजे अडखळणार नाही."

"मी पण येते," मास्तरीणबाई लगेच म्हणाल्या.

"तू कशाला? आताशी तर बरी झालीयस."

"तुम्ही एकटे जायचं नाही."

त्या म्हणाल्या ते इतक्या झटकन की मास्तरांनी वाद घातला नाही. नवरा गाडी चालवणार आणि बायको शेजारी बसणार, ही त्यांची नेहमीचीच रीत. मास्तरीणबाई गाडी कधी शिकल्या नव्हत्या. मास्तर गावाला शिकवत राहिले आणि घरात म्हणत राहिले, "तुला काय घाई आहे, मी आहे की."

त्या दुपारी मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं, आज आपल्या पायावर लक्ष ठेवायचं. डोळ्यांत तेल घालून ठेवायचं. पाय खरंच कामातून गेलाय की सकाळी नुसता घसरला, याचा एकदाचा निकाल लावायचा. पहिल्या सिग्नलला खाली बघायच्या आतच गाडी सुरेख थांबली. मास्तरांना बरं वाटलं. वळणावर म्हातारी आडवी आली, तिथंही थांबली. मास्तरांना आणखी बरं वाटलं. म्हणजे सकाळचा प्रकार काही खास नव्हता. चौकातला प्रकारही ताप, काळजी, झोप नाही, यातला असेल. आता ते बायकोशी जरा बोलायलाही लागले.

मोठ्या चौकाच्या अलीकडच्या सिग्नलला दिवा लाल झाला. "ब्रेक," मास्तर सवयीनं पुटपुटले, आणि ठरवल्याप्रमाणे खाली बघितलं.

त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता, अर्धवट उचललेला. आणि त्याच्या शेजारचं ब्रेकचं पेडल, त्यावर कुणाचाही पाय नसताना, आपलं आपण खाली चाललं होतं.

गाडी हलकेच थांबली. इतकी अलगद की पुढच्या काचेवर टांगलेली माळसुद्धा हलली नाही.

मास्तरांनी शेजारी पाहिलं. मास्तरीणबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. समोर बघण्यासारखं काही नव्हतं, एक बंद दुकान आणि एक कुत्रं. पण त्या अगदी मन लावून बघत होत्या, जसा काही आपला या सगळ्याशी संबंधच नाही. ते तोंड मास्तरांनी लगेच ओळखलं. ते त्यांचंच होतं. त्यांनी ते आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून वापरलं होतं. फक्त ते बाहेरून कसं दिसतं, हे आज पहिल्यांदा बघायला मिळालं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"पाय काढ आधी."

"दिवा लाल आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

दिवा हिरवा होईपर्यंत दोघं तशीच बसली. मागच्यानं हॉर्न वाजवल्यावर मास्तरांनी गाडी बाजूला घेतली, आणि घेतानाही त्यांना कळत होतं की थांबवणारा पाय आपला नाही. इंजिन बंद केल्यावर मास्तरीणबाईंनी पाय मागे घेतला.

"मागच्या थंडीपासून," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघराच्या दारात तुमची एक चप्पल राहिली होती. तुम्ही तसेच बाहेर जाऊन पेपर वाचत बसलात. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, आणि तुम्हाला पत्ताच नाही. मी ती चप्पल आणून तुमच्या पायाशी ठेवली. तेव्हा कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मास्तरांनी स्टेअरिंगवरचे हात खाली घेतले.

"बोलले असते तर तुम्ही घरी बसला असतात. घरी बसलेला माणूस कसा होतो ते तुमच्या दादांचं बघितलंय मी. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायचे मोठ्यानं. जेवायला बसा म्हटलं तरी नंबर. तुमचं तसं झालेलं मला बघवलं नसतं." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "म्हटलं, मी आहे की शेजारी. एवढं एक पेडल दाबायचं, त्यात काय कठीण. तुम्ही 'ब्रेक' म्हणायचात, मी दाबायची. तुम्हाला कळायचं नाही, तुम्ही खूश असायचात. गाडीतलं मला तेवढंच येतं."

"चांगलं दाबतेस," मास्तर म्हणाले.

"मला तो मेला ताप आला नसता तर काही झालं नसतं." आता त्या रडत होत्या. "मी कोण आहे तुम्हाला सवय लावणारी? मी दाबत राहिले म्हणून तुमचा पाय विसरला असेल. दोष माझा आहे, आणि कोर्टात तुम्ही उभं राहायचं."

मास्तरांना रडू आलं नाही. त्यांना लाज वाटली. वर्षभर ते बायकोला शेजारी बसवून गाडी थांबवत होते, शिट्टी वाजवत होते, दुसऱ्यांच्या चालवण्याला नावं ठेवत होते, आणि त्यातलं एकही थांबणं त्यांचं नव्हतं. शिकाऊ माणसाला निदान दोन-चार दिवसांत ब्रेक जमतो. त्यांचं सगळं उलटं चाललं होतं, आणि त्याला पुढं परीक्षा नव्हती.

"उद्या फांदीचं सांगा," मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लायसन राहू दे. मी कुठंही एकटं सोडणार नाही तुम्हाला."

"आणि शिकवताना? परवा नर्सबाई येतील. त्या या सीटवर, मी त्या सीटवर. तू कुठं बसशील?"

"मागं बसेन."

"मागं ब्रेक नसतो," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी तिला सकाळच्या ट्रकचं सांगितलं. चिखलासकट सगळं सांगितलं. लाल दिवा दिसला होता, तेही सांगितलं. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं चेहरा पुसला. चौक पुढेच होता, पण फांदी बघायला कुणी गेलं नाही. मास्तरांनी गाडीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दोघं चालत घरी आली. वाटेत मास्तरीणबाईंनी त्यांचा हात धरला होता. बघणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा बायकोला आधार देतोय.

संध्याकाळी मटाराची भाजी वाढताना मास्तरीणबाईंनी एकदा प्रयत्न करून पाहिला. "दिवा दिसला होता का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मास्तर जेवत राहिले. मास्तरीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

सकाळी दोघं बसनं कोर्टात गेली. तिथं खूप गर्दी होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपल्यावर अन्याय झाल्याचा भाव होता. मास्तरांना वाटलं होतं, कोर्ट म्हणजे काहीतरी भव्य असेल. ती एक लांबट खोली होती, पंखा कुरकुरत होता आणि बाकांवर लोक पेंगत होते. निम्मे चेहरे मास्तरांच्या ओळखीचे निघाले. "मास्तर, तुम्ही इकडे कुठं?" असं तिघाचौघांनी विचारलं. वकीलबाई लगबगीनं आली. "एकच शब्द लक्षात ठेवा, मास्तर. फांदी. बाकी विसरलात तरी चालेल."

पुकारा झाला. साहेबांनी मान वर न करताच विचारायला सुरुवात केली. त्यांच्यापुढे कागदांची चळत होती आणि मास्तर त्या चळतीतले एक होते.

"दिवा दिसला होता का?"

मास्तरांनी बाकाकडे पाहिलं. मास्तरीणबाईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण काय म्हणत होत्या ते मास्तरांना वाचता आलं. नाही साहेब.

"दिसला होता, साहेब," मास्तर म्हणाले.

वकीलबाईच्या हातातले फांदीचे फोटो खाली आले. साहेबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

"मग थांबला का नाहीत?"

"पाय गेला नाही ब्रेकवर."

"म्हणजे?"

"पायाला काही कळत नाही, साहेब. बूट आहे की नाही तेसुद्धा बघावं लागतं."

"तुम्ही गाडी शिकवता ना?"

"शिकवत होतो," मास्तर म्हणाले.

पुढचं फार वेळ चाललं नाही. साहेबांनी काहीतरी लिहिलं, कारकुनानं हात पुढे केला आणि मास्तरांनी लायसन त्याच्या हातात ठेवलं. त्यावरचा फोटो काळ्या केसांचा होता. कारकुनानं ते न बघताच दुसऱ्या लायसनांबरोबर ठेवून वर रबर चढवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईचे डोळे भरून आले होते. "का केलंत असं? मी सोडवलं असतं तुम्हाला."

"सोडवलं असतंस, म्हणूनच." मास्तरांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. "गाडी चौकाच्या अलीकडे उभी आहे. तुझं काम झालं की संध्याकाळी घरी आणून ठेव. दुसरा गियर जरा अडतो, जोर करू नकोस. आणि जमलं तर चौथा टाकून बघ."

ती रडता रडता हसली. मास्तर दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा वळले.

"नर्सबाईंना दुसरीकडे जायला सांग. हात चांगला आहे त्यांचा. आणि त्यांना सांग, काल ब्रेक त्यांनीच दाबला होता. माझ्या तोंडून त्यांना पटत नाही."

खरं बोललं की हलकं वाटतं असं म्हणतात. मास्तरांना तसं काही वाटलं नाही. उद्या सकाळी उठून कुठं जायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. परवाचंही नव्हतं. घरातली रस्त्याकडची खिडकी डोळ्यांपुढे आली, तिच्यापुढे ठेवलेली खुर्ची आली, आणि दादांचा आवाज आला. मास्तर खाली बघत, एकेक पाऊल पायरीवर पडलं की नाही ते पाहत, उतरत राहिले. मास्तरीणबाई एक पायरी पुढे चालत होत्या.

परतीच्या बसला बसायला जागा मिळाली. मास्तरीणबाई खिडकीशी आणि मास्तर शेजारी. बस मोठ्या चौकाकडे आली तेव्हा समोरचा दिवा लाल झाला. वारा सुटला होता आणि फांदी हलत होती, पण दिवा स्वच्छ दिसत होता.

"ब्रेक," मास्तर अगदी पुटपुटले. म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

त्यांनी खाली पाहिलं. मास्तरीणबाईंचा पाय बसच्या पत्र्यावर दाबला गेला होता, घोटा ताठ झाला होता. पलीकडे मास्तरांचा स्वतःचा पाय होता तसाच पडून होता. बस थांबली. मास्तरीणबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "जमलं की."

मास्तरीणबाईंनी मान वळवली नाही. दिवा हिरवा झाला आणि बस हलली, तेव्हा कुठं त्यांनी पाय उचलला.